ज्वारीच्या दाण्याएवढे

विळद घाट निम्मा चढून झाला होता आणि आम्ही दोघेही गप्प होतो. गप्प असण्याची कारणे मात्र वेगळी होती. आमच्या गाड्यांचे मेकॅनिक फक्रुद्दीनचाचा माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांचा तळवा डॅशबोर्डवर पालथा टेकलेला होता आणि तर्जनी किंचित उचललेली. गाडीची परीक्षा घेताना ते असेच बसतात. इंजिनाचा चुकीचा ठोका कानावर आला की ती तर्जनी एकदा आपटते. बाकी ते काही बोलत नाहीत. मी गप्प होतो, कारण इंजिन वाजत होते आणि तर्जनी आपटत नव्हती.

गिअर चौथा, चढ अंगावर येणारा, माझा पाय पुरता दाबलेला. पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे टाकून कुणी डबा हलवत राहावा तसा तो आवाज बॉनेटखालून येत होता. बारीक, कोरडा, न थांबणारा. त्याला सगळे नॉकिंगच म्हणतात. पिस्टन अजून वर चढत असतो आणि त्याच्या माथ्यावरचे पेट्रोल वेळ यायच्या आधीच भडकते. वर येणाऱ्याच्या टाळूवर घाव बसतो, मिनिटाला हजारो वेळा. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की मग तो बाजाराच्या गलबल्यातही वेगळा ऐकू येतो. मला त्याची ओळख ज्यांनी करून दिली, ते माझ्या शेजारी बसले होते.

एक वळण गेले. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता, म्हणून मी गिअर उतरवला, त्याला मागे टाकून पुन्हा चढवला, पुन्हा पाय दाबला. हरभरे पुन्हा खळखळले. मी रस्त्यापेक्षा त्या बोटाकडेच जास्त पाहत होतो.

"काय रं, गप का झाला?" चाचांनी डोळे उघडले. "बघ कशी चाललीय. गाय सांजंची घराकडं निघाल्यागत."

"चाचा, काही ऐकलंत?"

"ऐकायचं काय त्यात? वाजत न्हाई, तेच तर ऐकत हुतो."

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी मी गाडी उभी केली. चाचांनी उतरल्या उतरल्या बॉनेटवर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, आणि ते खरे होते. ज्याने आवाज ऐकून लपवला असता त्याच्या चेहऱ्यावर असे समाधान दिसले नसते. मला तिथे, हातातला चहा निवत असताना, पहिल्यांदा कळले की गेले अकरा महिने मी ज्या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलमध्ये शोधत होतो तो प्रश्न पेट्रोलचा नव्हताच.

आम्ही नगरला चाललो होतो ते माझा मित्र कानिफनाथ याच्या कॉन्टेसा गाडीसाठी गॅस्केट आणायला. पुढचा रस्ता चाचाच बोलत राहिले. मी हुंकार देत होतो आणि चढ आला की पाय अलगद उचलत होतो.

*

देवळाली प्रवरा आणि बेलापूरच्या मधल्या या सपाट, पाणथळ, उसाने बुजलेल्या मुलखात जुन्या गाड्यांचे आम्ही सातआठ वेडे आहोत. माझी फियाट माझ्याहून चार वर्षांनी लहान. कानिफनाथचे बेलापुरात बियाण्यांचे दुकान आहे आणि त्याची कॉन्टेसा दुकानापेक्षा जास्त झाडली-पुसली जाते. बाकीच्यांकडे कुठे जीप, कुठे जिप्सी. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, कार्बोरेटर उघडून फुंकणे, कुजलेला रबरी पाइप कापून नवा बसवणे ही कामे आम्ही रविवारी आपापल्या अंगणात स्वतःच करतो. त्यात एक सुख आहे, जे कुणाला समजावून सांगता येत नाही. पण टायमिंगला आमच्यातला कुणीही हात लावत नाही. टायमिंग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी कोणत्या क्षणी पडावी त्याची वेळ, आणि ती वेळ ठरवायची ती फक्रुद्दीनचाचांनी. हा नियम कुणी केला नव्हता, म्हणून तो मोडण्याचे कुणाच्या मनातही आले नाही.

त्यांची रीत अशी. डिस्ट्रिब्युटर नावाची एक टोपीवाली डबी इंजिनाच्या कुशीत असते. तिचा नट सैल करायचा आणि ती केसभर फिरवायची, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडू लागते. गाडी कालव्याच्या पुलावर न्यायची, कारण आमच्या सपाटीवर चढ म्हणावा असा तेवढाच आहे. वाजली नाही तर परत यायचे, आणखी फिरवायचे, पुन्हा पुलावर जायचे. असे करता करता एका फेरीला इंजिन पहिल्यांदा वाजते. तिथून ज्वारीच्या दाण्याएवढे मागे यायचे आणि नट आवळायचा. "वाजायच्या एक दाना अलीकडं," चाचा म्हणत. "तितंच तिची सगळी ताकद आसती. मानसाचंबी तसंच हाय, पर मानसाचा नट आपल्या हातात न्हाई."

या रीतीत सगळा भार एका गोष्टीवर आहे: पहिला ठोका ऐकू येण्यावर. तो ऐकूच आला नाही, तर हात फिरवतच राहतो.

अकरा महिन्यांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास, त्यांनी माझ्या फियाटचे टायमिंग लावले आणि दुसऱ्याच दिवशी पुलावर मला हरभरे ऐकू आले. तेव्हाच मी गॅरेजवर जाऊन 'चाचा, वाजतंय' एवढे दोन शब्द बोलायला हवे होते. पण ज्यांच्याकडून मी हा आवाज शिकलो त्यांना तो झाला म्हणून सांगणे मला जमेना. गवयाच्या शिष्याने गुरूचा षड्ज उतरला म्हणून सांगावे, तसे ते मला वाटले. माणूस अशा वेळी खोटे बोलत नाही. तो दुसरे खरे शोधू लागतो.

आणि दुसरे खरे माझ्या हाताशी होते. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. मळी आंबते, तिचा अर्क निघतो, तो पाण्याच्या शेवटच्या थेंबापर्यंत कोरडा केला जातो, आणि ते इथेनॉल टँकरमध्ये भरून पेट्रोलमध्ये मिसळायला जाते. त्या टँकरच्या कागदांवर माझी सही असते. आमच्याच शेतांतला ऊस आमच्याच गाड्यांच्या टाकीत परत येतो आणि जुन्या गाड्यांचे रबर मऊ करतो, टाकीचा गंज सोडवतो. हे मी अंगणात हातांनी अनुभवले होते. तेव्हा नॉकिंगचे खापरही मी त्याच्याच माथी फोडले.

खरे तर मला ते फोडता येत नव्हते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोलने स्वतःहून न भडकता किती धीर धरावा याचे माप. आणि इथेनॉलचा धीर पेट्रोलपेक्षा मोठा असतो. त्याने नॉकिंग कमी व्हावे, वाढू नये. हे मी प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला दहा वेळा समजावले असते. पण मी एक आडवाट काढली: इथेनॉलमुळे मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते, इंजिन तापते, म्हणून वाजते. यात थोडे तथ्य आहे. थोडे तथ्य असलेली गोष्ट फार दिवस टिकते.

मग मी पुण्याहून शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणू लागलो. ज्या पेट्रोलने मोठमोठ्या मोटारसायकली आणि परदेशी गाड्या धावतात, ते माझ्या चाळीस घोड्यांच्या फियाटला. ते भरले आणि आवाज बंद झाला. मला वाटले, सिद्ध झाले. प्रत्यक्षात एवढेच झाले होते की वेळेआधी पडणारी ठिणगीसुद्धा ते पेट्रोल मुकाट्याने सोसत होते. विळद घाटात गेलो त्या दिवशी मात्र टाकीत गावचेच साधे पेट्रोल होते. ज्ञानेश्वरी, माझी बायको, एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गाडीला शंभर नंबरी, आणि मला महिन्याच्या शेवटी पामतेल." मी हसलो. तिलाही मी ऑक्टेन समजावून सांगितला.

आमच्या मंडळींनाही सांगितला. त्यांनी मानला, कारण मी केमिस्ट. काहींनी पुण्याची वाट धरली. कानिफनाथने धरली नाही. "कॉन्टेसाला गावचंच पानी मानवतं," तो म्हणायचा. गेल्या मे महिन्यात सिन्नरच्या पुढे त्याच्या गाडीतून निळा धूर निघाला आणि ती थांबली. इंजिन उघडले तेव्हा दुसऱ्या पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. चाचांनी तो पिस्टन उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिले.

"इथेनॉल," मी म्हणालो.

"तू शिकलेला," ते म्हणाले. "तू म्हनतो तर आसंल."

कानिफनाथ त्यानंतर भेटेल तिथे मला म्हणायचा, "ह्या मानसाच्या फॅक्टरीची दारू माझ्या कॉन्टेसानं पिली आणि तिचं काळीज जळालं. मी तंबाखूबी खात न्हाई, आणि माझी गाडी दारूनं गेली." लोक हसत. मीही हसत असे.

*

घाटातल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी मी माळ्यावरून टायमिंगची बत्ती काढली. पिस्तुलाच्या आकाराचा तो दिवा दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला होता आणि एकदाही वापरला नव्हता. त्याची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरीला लावली की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखकन चमकतो आणि फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते. ठिणगी किती अंश आधी पडते ते डोळ्यांनी वाचता येते. कानांची गरज लागत नाही. तेव्हा मी तो चाचांना दाखवला होता. ते म्हणाले होते, "दिवा घिऊन सूर्य बघतोस व्हय?" आणि मी तो परत डब्यात घातला होता.

पुलीवरच्या खाचेत मी पांढरा खडू भरला. इंजिन सुरू केले, ते गरम होऊन संथ लयीवर येऊ दिले, आणि बत्ती रोखली.

गाडीच्या पुस्तकात दहा अंश लिहिले आहेत. खूण अठराच्याही पुढे उभी होती.

मी बत्ती बंद केली, वायरी तपासल्या, पुन्हा लावली. खूण तिथेच. मग नट सैल केला. चाचांनी आवळलेला नट मी पहिल्यांदाच सैल करत होतो. पान्याला तो सहज वळला, याचेही मला वाईट वाटले. डबी मागे फिरवत दहावर आणली. टाकीत साधे पेट्रोल होते, गावच्या पंपावरचे, पाचवा हिस्सा आमच्या उसाचे इथेनॉल पोटात असलेले. मी गाडी कालव्याच्या पुलावर नेली, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, काचा खाली करून ऐकत राहिलो. पुलाच्या कठड्यावरून परत येणारा इंजिनाचा आवाज भरदार होता आणि त्यात हरभऱ्याचा एक दाणाही नव्हता. अकरा महिन्यांचे माझे रसायनशास्त्र त्या एका फेरीत संपले.

पुलापलीकडे गाडी उभी करून मी हिशेबाला लागलो. कुणाकुणाचे टायमिंग चाचांनी वर्षभरात लावले? जिप्सी दोन, जीप एक, कॉन्टेसा. आणि ती कॉन्टेसा आता नवे पिस्टन घालून पुन्हा त्यांच्याच दारात उभी होती. येत्या शनिवारी तिचे टायमिंग लागायचे होते. त्यानंतर कानिफनाथ आईला आणि मुलांना घेऊन अकोले तालुक्यातल्या घाटरस्त्याने भंडारदऱ्याला जाणार होता.

*

गुरुवारी दुपारी मी चाचांच्या घरी गेलो. ते गॅरेजवर असणार हे ठाऊक होते म्हणूनच गेलो. दार मेहविशने उघडले. ती त्यांची धाकटी मुलगी, जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवते. मला पाहून तिने पाणी आणले आणि मी विषय कसा काढावा याचा विचार करत असतानाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"हे आता अब्बांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याचसाठी आलात ना, श्रीमंतदादा?"

मी मान हलवली.

"जाड आवाज येतात. ट्रॅक्टर येतो, माणसाचं बोलणं येतं, दार आपटलेलं येतं. बारीक गेलेत सगळे. मोबाईल वाजतो, हे खिशात ठेवून बसलेले. पहाटेची चिमणी नाही, शिट्टी नाही. चाळीस वर्षं इंजिनात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार? मी मुलांना शिकवते ना, कानातले बारीक केस आधी बारीक आवाजाचे मरतात म्हणून."

"त्यांना माहीत आहे?"

"घरातलं माहीत आहे. टीव्ही मोठा लावतात, वर मलाच म्हणतात, तू हल्ली पुटपुटतेस." ती जरा हसली. "गॅरेजमधलं माहीत नसावं. न ऐकू आलेला आवाज झाला होता हे माणसाला कळणार कसं?"

मी तिला बत्तीची गोष्ट सांगितली. अठरा अंश, पिस्टनचे भोक. ती ऐकत असताना ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

"तुमचं ते पुण्याचं पेट्रोल आहे ना," ती शेवटी म्हणाली. "ते टाकलं की वाजत नाही म्हणता. मग सगळे तेच टाकू देत की. निदान आणखी एक-दोन वर्षं. गुडघे आज ना उद्या गॅरेज बंद करायलाच लावणार आहेत त्यांना. गुडघ्यांनी बंद पडू दे, दादा. कानांनी नको."

"कानिफ टाकत नाही. आणि परवा पोरं घेऊन घाटात जाणार आहे."

ती उठून आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मग तुम्ही सांगा. पण मी सांगितलं असं म्हणू नका." आणि पाण्याचा पेला उचलत: "हळू बोलू नका त्यांच्याशी. हळू बोललं की त्यांना वाटतं, कुणी दया करतंय."

*

शनिवारी सकाळी मी गॅरेजवर पोचलो तेव्हा कॉन्टेसाचे बॉनेट उघडे होते आणि कानिफनाथ शर्टाच्या बाह्या दुमडून उगाचच एका फडक्याने हेडलाइट पुसत होता.

"या, दारूवाले," तो म्हणाला. "आज तरी तुमची नजर लावू नका."

"नजर लागायला काय नवरी हाय व्हय ती?" चाचा इंजिनात वाकलेले होते. "बस मागं, शिरमंता. चल, कानिफ. पुलावर घे."

मी मागच्या सीटवर बसलो. पहिल्या फेरीला इंजिन स्वच्छ चढले. चाचा उतरले, पुलाच्या कडेलाच बॉनेट उघडून डबी केसभर फिरवली, परत येऊन बसले, तळवा डॅशबोर्डवर ठेवला. दुसरी फेरी. तीही स्वच्छ. तिसऱ्या फेरीला, चढ संपता संपता, मला ते ऐकू आले. अगदी पुसट, जणू दुसऱ्या खोलीत कुणी तांदूळ निवडत आहे. हीच ती जागा. इथून एक दाणा मागे. तर्जनी हवेत होती आणि हवेतच राहिली.

"अजून जागा हाय," चाचा म्हणाले, आणि उतरून डबी पुढे फिरवली.

चौथ्या फेरीला कानिफनाथलाही ऐकू आले. "चाचा, कायतरी दानं उडाल्यागत वाजतंय का?"

"नवं इंजिन हाय. बसंल."

"माझं आपलं अडान्याचं कान," कानिफनाथ म्हणाला.

पाचव्या फेरीसाठी गाडी वळवली तेव्हा मी माझे वाक्य मनात तीनदा जुळवले आणि तीनदा मोडले. पूल आला. पाय दाबला गेला. हरभरे पत्र्यावर कोसळू लागले.

"चाचा, वाजलं," मी म्हणालो. मोठ्याने.

ते मागे वळले. "काय?"

"वाजलं. आत्ता. मागच्या दोन फेऱ्यांनाही वाजलं."

कानिफनाथने आरशातून माझ्याकडे पाहिले. चाचा माझ्याकडेच पाहत होते, रागाने नव्हे. समोरच्या पाटीवरची अक्षरे अचानक परक्या लिपीतली निघावीत तसे. मग ते उतरले. बॉनेट उघडले. डबी एक दाणा मागे घेतली, येऊन बसले, आणि बोटाने पुढे चल म्हणून खुणावले.

"अजून वाजतंय," मी म्हणालो.

आणखी एक दाणा मागे. पुन्हा पूल. "अजून."

यानंतरच्या फेरीला त्यांनी डोळे मिटले नाहीत. तळवा डॅशबोर्डवरून उचलून मांडीवर घेतला, सीटवर तिरके वळून बसले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. चढ सुरू झाला. आवाज आला तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली असावी, कारण मी बोलायच्या आत ते म्हणाले, "हां. कळलं." पुढच्या फेरीला चढ संपेपर्यंत ते माझ्या कपाळावर नजर रोखून होते. आठी पडली नाही. पूल संपला, गाडी पलीकडच्या सपाटीवर आली, आणि त्यांनी हळूच विचारले, "ह्ये?"

"हे बरोबर आहे, चाचा."

त्यांनी उतरून नट आवळला. नेहमी एका झटक्यात आवळतात. त्या दिवशी पाना तीनदा लावला.

गॅरेजवर परतल्यावर कानिफनाथ पुष्कळ बोलू लागला. भंडारदऱ्याला आईला काय दाखवायचे, मुलांना गाडीत कशी उलटी होते. चाचा रॉकेलमध्ये हात धूत होते. मग कानिफनाथने सहज विचारले, "मंग चाचा, आता पेट्रोल कुठलं टाकू? ह्या केमिस्टसायबाचं ऐकून पुन्याला जाऊ का?"

"साधंच टाक," चाचा म्हणाले. "पेट्रोलात खोट न्हवती."

"मंग तवा पिस्टनला भोक कशानं पडलं?"

"माझ्या कानानं."

कानिफनाथ हसला. चाचा हसले नाहीत, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले; आणि मी नजर खाली घातली, तेव्हा त्याचे हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसेच राहिले आणि नंतर गेले. "चेष्टा करताय का, चाचा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. बारीक ऐकू येत न्हाई मला." चाचांनी फडक्याला हात पुसले. "तुझी गाडी माझ्या हातनं जळाली, कानिफ. आता लागलंय ते बरोबर लागलंय, ते ह्याच्या कानानं लागलंय. आईला घिऊन बिनघोर जा. आणि हितनं पुढं कोनाला टायमिंग लावायचं आसंल तर ह्याच्या अंगनात जा म्हनावं. ह्याच्याकडं बत्ती हाय."

कानिफनाथने वाकून चाचांच्या पायांना हात लावला, जे तो कधी करत नसे, गाडीत बसला आणि एरवी कोपऱ्यावर हॉर्न वाजवून जायचा तो न वाजवता गेला.

आम्ही दोघे उरलो. चाचांनी पाने गोळा केले, मापाप्रमाणे एकेक खिळ्याला अडकवले. डिस्ट्रिब्युटरचा तेरा नंबरचा पाना मात्र त्यांनी अडकवला नाही. तो हातातच धरून ते स्टुलावर बसले.

"चाचा, तुम्ही काम बंद करू नका," मी म्हणालो. "हात तुमचेच लागतील. मी शनिवारी येत जाईन, मागं बसेन. आज लागलं ना तसं."

"कवा कळलं तुला?"

"विळदच्या घाटात. बोट हललं नाही तेव्हा."

"ते माझं कळलं. वाजतंय ते कवा कळलं?"

मी खोटे बोलू शकलो असतो. "संक्रांतीला," मी म्हणालो. "तुम्ही लावलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली; तिच्या लोखंडी धावेचा जाड आवाज त्यांना ऐकू आला, त्यांनी मान वळवून पाहिले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत ते पाहतच राहिले.

"मे मदी कानिफचा पिस्टन मी उजेडाला धरला हुता," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं, ठोक्यानं गेलाय. तुज्याकडं बघितलं. तू म्हनला, इथेनॉल."

"हो."

"तवा तू बोलला आसता, तर त्याच्या मागनं आलेल्या दोन गाड्या माझ्या हातनं तशाच वाजत भाईर पडल्या नसत्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला ऐकू येत न्हवतं, शिरमंता. तुला तर येत हुतं. मंग तू अकरा महिनं का न्हाई बोलला?"

माझ्यापाशी उत्तरे पुष्कळ होती. ऑक्टेन होता, मिश्रणातली हवा होती, मळी होती, गुरूचा मान होता. त्यांतले एकही त्या स्टुलासमोर उभे राहण्यासारखे नव्हते. चाचा वाट पाहत होते. ते माझ्या ओठांकडे पाहत होते, एक शब्दही चुकू नये म्हणून.

मी पायातल्या चपला सरळ केल्या, गॅरेजची पायरी उतरलो आणि कालव्याच्या रस्त्याने घराकडे चालू लागलो.